मुठीच्या खाली

खालच्या मजल्यावरची मृण्मयी लग्नाचे हॉल सजवते.
तिने सांगितलं, मावशी, कोपर टेबलावर टेका,
मूठ वळा.
फुलं त्या मुठीच्या वर जाता कामा नयेत.
समोरच्याचे डोळे दिसले पाहिजेत,
नाहीतर ते जेवण कसलं, खानावळच.

मी हो म्हटलं
आणि पहाटे दादरच्या फूलबाजारात जाऊन
उंचात उंच ग्लॅडिओला घेतले, पंधरा काड्या,
कळ्यांची टोकं नुकती लाल फुटलेली.
निशिगंधाकडे हात गेला तर फूलवालाच म्हणाला,
जेवणाला का? मग वासाचं काही नेऊ नका,
मासळी फुलात शिरते, फूल मासळीत.
वर ॲस्टरची एक जुडी फुकट टाकली,
माना मोडलेली.

खारच्या या घरात टेबल चौघांचं.
पाचव्यासाठी इस्त्रीचं टेबल जोडलं,
ते दोन बोटं उंच निघालं,
म्हणून इकडच्या पायांखाली टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टऱ्या.
वर मोतिया कापड, मंगलदास मार्केटातलं,
पडद्यांसाठी आणलेलं. पडदे कधी झाले नाहीत.
त्याला एक हळदीचा डाग होता.
भानोळ्याचं पातेलं बरोबर त्यावर येईल असं मोजून घेतलं.
डाग कुठे झाकायचा हे ठरलं
की अर्धं टेबल आपोआप मांडून होतं.

सोनमासा गेल्यापासून रिकामा पडलेला काचेचा गोल,
तळाशी अर्धा लाल भोपळा, सुरीने भोकं पाडलेला,
देठ उभे राहायला.
देठ तिरके कापले. खालची पानं खुडली,
पाण्यात पान राहिलं की पाणी नासतं.
चिमूटभर साखर.
आधी ग्लॅडिओला, मग कडेने तगरीच्या डहाळ्या,
गच्चीवरच्या कुंडीतल्या,
आणि मोडक्या ॲस्टरना काठाचा टेकू.
मग कोपर टेकलं, मूठ वळली.
फुलं मुठीच्या हातभर वर.
कात्री हातातच होती.
नाही चालवली.

विद्याधर या बाजूला. नरू त्या.
ठाकुरद्वारच्या खोल्या विकल्या त्याला अकरा वर्षं झाली.
अकरा वर्षं माझ्याच फोनवरून
एकाची खुशाली दुसऱ्याकडे जाते,
तीही, मी विचारलं म्हणून सांगू नकोस हं, अशी.
आज काय विशेष, दोघांनी वेगवेगळं विचारलं.
मी म्हटलं, कोळंबी चांगली मिळाली.
बघायचं नसेल तर नका बघू एकमेकांकडे,
एका पातेल्यातलं खा तरी.
फुलं त्यासाठीच.

आले. कुमुदवहिनींनी कापड चिमटीत धरून पाहिलं.
हर्षदा म्हणाली, अय्या, किती छान,
आणि पुढे काय म्हणावं ते तिला सुचेना.
पंखा एकवर होता.
मग बराच वेळ नुसते चमचे.
लाल फुलं जराशी हलली की फटीतून
विद्याधरचा अर्धा चष्मा,
नरूचं कपाळ, थेट बाबांसारखं मागे सरकलेलं,
पुन्हा लाल.

ही झाडं काढ गं, नरू म्हणाला,
माझ्याकडे बघत. काही दिसत नाही.
काय दिसत नाही?
मीठ.

मीठ त्याच्या ताटाशेजारी होतं,
पांढऱ्या बशीत, मीच वाढलेलं.
कुणीही ते दाखवलं नाही.
विद्याधर उठला. तो गोल
भोपळ्यासकट दोन्ही हातांनी उचलला,
हिंदकळत फ्रिजपर्यंत नेला, वर मावेना,
शेवटी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला,
बाही ओली घेऊन परत बसला.

कापडावर पाण्याचं कडं,
त्यात एक ॲस्टर सांडलेलं.
त्याने ते उचलून बशीच्या कडेला ठेवलं. मग म्हणाला,
भानोळं खारट झालंय.
माझ्याकडे बघून नव्हे.

अंमळ, नरू म्हणाला.