कारण एका ओळीत लिहा

वर्षाला तीनशे होते, ते साडेसहाशे झाले.
मेसेज सोमवारी आला, इंग्रजीत,
ज्या मुख्य ऑफिसचा दरवाजा मी कधी पाहिला नाही तिथून.
व्यवहारामागे आधी वीस, आता पस्तीस, वर कर.

उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथवर उभा होतो.
अर्धं सूत जास्त गेलं की पंपाचा शाफ्ट भंगारात,
हे ज्या हाताला कळतं
त्याला साडेसहाशे कळणार नाहीत
असं कुणीतरी धरून चाललं.
राग पैशाचा कमी, याचा जास्त.

पुतणी हर्षदानं फोनवर नवं खातं काढलं,
अनगोळच्या कट्ट्यावर, चहा निवायच्या आत.
वार्षिक काही नाही काका, शेअर ठेवा, फुकट.
फुकट म्हटलं की मी आधी गिअरबॉक्स उघडून बघतो.
बारीक अक्षरं तिनं दोन बोटांनी मोठी केली.
सापडलं एवढंच :
जुन्या खात्यात गावाचं नाव बेळगाव,
आधारवर बेळगावी.
फोन म्हणाला, पत्ता जुळत नाही.

मी तर त्याच घरात.
नळ तोच, आठ दिवसांनी येणारं पाणी तेच,
पावसात फुगून न लागणारं दार तेच.
त्या एका वेलांटीसाठी
दोन झेरॉक्स आणि कन्नडमधलं लाइट बिल.

मग गणपत गल्ली. बांगड्यांच्या दुकानावरचा जिना.
मल्लेशण्णा हुक्केरींच्या ऑफिसात
भाव दाखवणारा टीव्ही केव्हाच बंद,
त्यावर ऊन लागू नये म्हणून घातलेला टॉवेल मात्र धुतलेला.
याच टेबलावर त्यांनी मला पहिल्यांदा दाखवलं होतं
कंपनीचा तुकडा कागदावर कसा दिसतो.
अकरा रुपयांचा डिव्हिडंड आला
तेव्हा पेढे त्यांनीच मागवले, तीस रुपयांचे.

काढून टाकतोय, म्हणालो.
त्यांनी चष्मा पुसला.
“मी काय वाढवलोय होय? वरनं आलंय.
खरं तुमी जावा. आमच्या हिचं पण तिथंच हाय.”

स्लिपवर सही जुळेना.
सत्त्याण्णवची सही ताठ, आडनावाखालची रेघ
पट्टीनं मारल्यासारखी.
आताचा हात लेथनं थरथरत ठेवलेला.
अण्णांनी कन्नड पेपरचा समास पुढं सरकवला,
हितं गिरवा म्हणाले.
सात वेळा गिरवली.
माणूस त्यांना सोडून चालला होता
आणि ते त्याची सही बसवून घेत होते.
“हां. आता आली बगा. होगली बिडरी.”

नवं खातं वाचवणार साडेसहाशे.
महिन्याला चौपन्न रुपये, वर सोळा-सतरा पैसे.
मी जिना उतरून नाही, तिथंच मनात भागाकार केला,
आणि तो बरोबर होता, त्याला मी काय करू.

शेवटचा रकाना : बंद करण्याचे कारण, एका ओळीत.
“महाग म्हणून लिवा की, लाजताय काय.”
पेन बराच वेळ वर धरलं.
मग लिहिलं : मापात बसत नाही.

अण्णांनी वाचलं, काही बोलले नाहीत.
शाईचा पॅड वाळलेला. त्यावर दोनदा फुंकर मारली,
शिक्का दाबला, उचलला, पुन्हा दाबला.
पुसट जांभळ्या गोलात
गावाचं नाव अजून बेळगावच होतं.
हा चालेल का, मी विचारलं नाही.