अर्ज क्रमांक एक्केचाळीस

मिसिसिपीच्या काठी, आयोवातल्या आमच्या गावात
कुठेही फूटभर खणा, शिंपले लागतात.
प्रत्येकाला गोल भोकं; तीन, पाच, एखाद्याला आठ.
तेवढी बटणं त्यातून निघाली
आणि कुणाच्या तरी सदऱ्याला लागून
गावाबाहेर गेली.

क्लेटस फ्रायमार्कने त्या बटणांवर पैसा केला.
नदीतले शिंपले संपत आले, तोही संपत आला,
तेव्हा पैसा गावाच्या नावे लिहून ठेवला:
कलेसाठी, शिक्षणासाठी,
आणि मृत्युपत्रातल्या शब्दांत,
'शेजाऱ्यांच्या इतर नडीसाठी'.
वर्षातून दोनदा, वाचनालयाच्या तळघरात
पाच विश्वस्त, कॉफीचं एक भांडं
आणि कामकाज लिहायला मी.

पाकिटं मीच फोडते.
शाळेला सहा व्हायोलिनं हवीत, एक डावखुऱ्या मुलीसाठी.
मेथडिस्टांच्या स्वयंपाकघराचं छप्पर गळतं,
नेमकं सुपाच्या पातेल्यावर.
लाओसहून आलेल्या बायकांकडे सुया आहेत, दोरा आहे;
त्यांना खोली हवी,
जिथे मोठ्याने हसलं तर शेजारी भिंत ठोकत नाही.
कुणी एक इसम पाण्याच्या टाकीवर
घोडा रंगवीन म्हणतो.
कोणता घोडा, ते लिहिलेलं नाही.

आणि एक्केचाळीस नंबर. इर्मा क्नॉस,
वृद्धाश्रम, रात्रपाळी.
तीनशे चाळीस डॉलर, पियानो सुरात आणायला.
रकाना सहा: लाभार्थींची संख्या?
'अकरा. तुमचं ठरेपर्यंत नऊ.'
रकाना सात: मोजता येईल असा परिणाम?
'मधल्या पाच पट्ट्या मुक्या आहेत.
बोलल्या की मोजा.'

बँकेचे लेलंड रुश म्हणाले,
सहा व्हायोलिनं म्हणजे सहा पोरांची साठ-साठ वर्षं,
यांच्याकडे किती, सगळी मिळून?
गणित बरोबर होतं.
मीही मान हलवली,
माझं मत कुणी विचारत नसतं तरी.
वहीत लिहिलं: तहकूब.

घोडा मंजूर झाला.

ऑक्टोबरात कळलं, टाकीवाला इसम
पैसे न उचलताच गाव सोडून गेलाय.
म्हणून इर्माचा चेक निघाला.
कुणाचं मन द्रवलं नव्हतं, शिल्लक होती.
हे वहीत नाही, म्हणून इथे लिहिते.

डिसेंबरात तिचं पाकीट आलं, आत पन्नास डॉलर.
सूर लावणाऱ्याने दोनशे नव्वदच घेतले, पावती सोबत.
अहवालात: लाभार्थी आठ.
आणि रकाने सोडून, समासात, पेन्सिलीने:
'ऑर्व्हिल टेश्के, वय ब्याऐंशी.
बाराव्या वर्षी फ्रायमार्कच्या यंत्रावर बसले.
बोटं सात.
वाजवतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.
एकच पोल्का येतो, तोही अडखळत.
जिथे बोट नाही तिथला सूर सोडत नाहीत,
तोंडाने म्हणतात.'

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.
रुशसाहेबांनी चष्मा काढला, पुसला,
आणि विचारलं, हे पन्नास कोणत्या खात्यात घ्यायचे?
वीस मिनिटं गेली.
दिलेलं परत येईल,
असं धरून आमचा एकही कागद छापलेला नाही.

नोटा अजून माझ्या खणात आहेत,
टाचणी लावून.
काल वसंताच्या बैठकीसाठी पाकिटं फोडत होते.
त्यात पुन्हा तो टाकीवाला. अक्षर तेच, पत्ता नवा.
पैसे न नेल्याबद्दल एक शब्द नाही.
पण या वेळी कोणता घोडा, ते लिहिलंय:
आजोबांच्या गाडीचा,
नदीवरून कारखान्यात शिंपले ओढणारा,
डाव्या डोळ्याने आंधळा.
तो डोळा, म्हणतो,
नदीच्या बाजूला येईल.