गोंदारचा नगारची

आजोबांच्या वेळी चव्वेचाळीस नगारे होते,
खेचरांच्या पाठीवर, दोन्ही अंगांना बांधलेले.
राजा निघाला की टेकड्या
आधी पोटातून हलायच्या, मग कानातून.
बापाच्या हाती सतरा आले.
माझ्याकडे एक आहे.
त्याचंही कातडं उपवासाच्या दिवसांत उंदरांनी कुरतडलं.
ठिगळ लावलंय. पावसाळी हवेत
तो वाजत नाही, खोकतो.

नाव एंगिदा. हुद्दा, राजाचा नगारची.
राजे किती पाहिले म्हणता?
पहिला आठवत नाही, मी आईच्या पाठीवर होतो.
दुसऱ्याला सरदारानं बसवलं आणि उठवलं,
तेवढ्यात शेतातला जव पिवळासुद्धा झाला नव्हता.
तिसरा मठात गेला.
चौथा त्याच मठातून आणला.
चौथा म्हणजे तिसराच, पण आम्ही नव्यानं मोजला,
कारण दवंडी नव्यानं द्यावी लागली.

आत्ताचे जानहोय माणूस म्हणून भले.
शनिवारच्या बाजारातला मिठाच्या विटांवरचा कर,
तेवढंच त्यांचं राज्य.
उरलेले सहा दिवस ते गच्चीवर चढतात,
कुठल्या बुरुजात अंजीर रुजलंय ते मला दाखवतात,
जसं काही मीच उपटणार आहे.

परवा सरदाराचा माणूस आला.
घोड्यावरून न उतरताच बोलला.
जानहोयांनी शिक्का शोधला, उशीखाली, पेटीत, पुन्हा उशीखाली.
शिक्का गहाण होता मधवाल्या देस्ताकडे.
मी पळत जाऊन आणला,
तासाभराच्या बोलीवर.

मग चौकात उभा राहिलो. ऐका हो ऐका.
समोर तीन पोरं, एक गाढव,
आणि भाजलेले चणे विकणारी यशीमबेत.
नगारा ठोकला.
ती म्हणाली, "कोण गेलं?"
"कुणी नाही."
"मग कशाला वाजवतोस बाबा,
गाढव बुजतंय."

संध्याकाळी जानहोयांनी विचारलं,
ऐकू गेला का खालच्या वस्तीपर्यंत?
मी म्हणालो, गेला.
खोटं बोलण्याचा पगार
मला कधीच मिळालेला नाही.

त्यांचा धाकटा मात्र माझ्यामागून आला,
आठ वर्षांचा, पायात काही नाही.
पहिला हात कुठला, विचारू लागला.
राजवंशानं कातड्याला हात लावू नये असा नियम आहे.
नियम पाळून घेणारा कारभारी
गेल्या साली गावी निघून गेला.

उजवा, म्हटलं. मनगट सैल सोड.
पोरगं हाताचं हलकं आहे,
ताल चुकत नाही.
एखादी विद्या अंगात असलेली बरी.