एकास पस्तीस

रात्री साडेनऊला लॅबचं शटर अर्धं ओढते
आणि कवळ्यांचे ट्रे बाजूला सरकवते.
दिवसभर दुसऱ्यांचे दात.
उद्या अकराच्या आत सिन्नर फाट्याला पोचवायचाय
एक खालचा जबडा, वरच्या तीन कॅप.
ते सकाळी.

तोच चिमटा, तोच ड्रिल, भिंगाचा तोच दिवा,
फक्त बोटांखाली आता हॉवित्झर.
राखाडी प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेले
एकशे शहाऐंशी भाग.
कैऱ्या उतरवाव्यात तसे देठासकट कापायचे,
मग देठाची खूण कानशीनं घासायची,
मग फुंकर, मग पुन्हा बघायचं.
जुळली की फूटपट्टीएवढी होईल.

बाईमाणसाला तोफा कशाला, म्हणाला कुरिअरवाला.
मी सही केली, पेन परत दिलं.

दातांच्या छटांची पट्टी आहे माझ्याकडे, सोळा पांढरे.
पांढरा एकच नसतो, हे मी
बिटको चौकातल्या कुणालाही पटवून देईन.
पण हिरव्याला पट्टी नाही.
डबीवर लिहिलेला हिरवा फार ताजा निघाला.
मला हवा होता
झाकण ठेवून शिजवलेल्या मेथीचा.
तीन रविवार गेले त्यात.
धुळीसाठी लॅम रोडच्या कडेची माती आणली रुमालातून,
वस्त्रगाळ केली,
कोरड्या ब्रशनं चाकांवर बसवली.
वाटलं, झालं.

मग आव्हाड आले. रंगनाथ आव्हाड,
तोफखान्यातले निवृत्त हवालदार,
दोन तुकडे झालेली कवळी घेऊन थेट लॅबमध्ये.
डाव्या बाजूनं बोलू नका, म्हणाले,
तो कान वर डोंगरातच राहिला.
मी उजवीकडे सरकले.
दात माझ्या हातात,
म्हणून त्यांचा प्रत्येक 'स' हवेवर जात होता.

तोफ त्यांनी उचलली नाही.
गुडघ्यांवर हात टेकून वाकले,
नळीच्या तोंडापासून मागच्या फाळापर्यंत
सावकाश पाहत गेले.
"छान आहे. पण नवरी आहे ही.
हिच्यापाशी कुणी राहिल्यासारखं दिसत नाही."

मग सांगत बसले.
मागच्या पायाला दोरी बांधून बनियन वाळायचे,
वाळायचे कसले, लाकडासारखे ताठ व्हायचे.
चाकाच्या आडोशाला चहाचं भगुणं,
त्याला एका बाजूनं कान नव्हता.
आणि ढालीच्या आतल्या अंगाला
खडूनं रमीचा हिशेब,
साहेब आले की बाहीनं पुसायचा,
गेले की आठवून पुन्हा लिहायचा.
त्यावरून भांडणं. खरी भांडणं.
तोफ सुटली की सगळे गप्प,
गोळा पोचायच्या आत पुन्हा सुरू.

मी कवळीचा सांधा भरला, घासला, पॉलिश केला.
ते तोफेकडेच बघत होते.
"एकास पस्तीस म्हणता,
मग आवाज केवढा होईल हिचा?"

मला गणित येईना.
कवळी धुऊन त्यांच्या हातात दिली.
त्यांनी ती तोंडात घातली, अंगठ्यानं वर दाबली.
टक्.
"एवढा," म्हणाले,
आणि हा शब्द नीट उमटला.
पैसे विचारले. मी साठ सांगितले,
त्यांनी शंभराची नोट ठेवली आणि सुटे घेतले,
मोजून.

आता टिश्यू पेपरचे बनियन करतेय.
गोंदपाण्यात बुडवले की ताठ होतात,
फाटतातही. चौथा जमला.
भगुण्यासाठी चॉकलेटची चांदी.
ढालीच्या आत, कुणी वाकल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी,
पांढऱ्या पेन्सिलीचं टोक ओलं करून
आकडे लिहिले. रकाने सात.

देवळालीच्या रेंजवर रात्रीचं फायरिंग लागलंय,
खिडकीची काच हलकेच वाजते,
मी ब्रश उचलून धरते,
ती थांबेपर्यंत.

सातातला आव्हाडांचा रकाना कुठला,
आणि हरत कोण होतं,
विचारायचं राहिलं.
कवळी पुन्हा तुटायला हवी.
माझा सांधा मात्र पक्का बसलाय.