वरच्या वाटेने

दोन शनिवार-रविवारांचं शिक्षण माझं,
आणि गळ्यात एक निळी फीत.
तिच्यावर लिहिलंय: सहाध्यायी मार्गदर्शक.
मार्ग मला माहीत नाही, हे लिहिलेलं नाही.

खोली झेरॉक्सच्या मागे,
दोन खुर्च्या, एक टिश्यूंचा खोका,
सेंट जॉन्सच्या डिसेंबरात
साडेचारलाच पडलेली रात्र.
आत आला तो लिअँडर पाइक,
भूगर्भशास्त्र, पहिलं वर्ष,
घर उत्तरेच्या एका खाडीवर,
एकतीस दारं, आणि कुलूप एकालाही नाही.

शिकवलं होतं: सांगू नकोस, विचार.
म्हणून विचारलं,
झोप, एक ते दहामध्ये किती?
म्हणाला, चार.
जेवण?
म्हणाला, टोस्ट.
हे आकड्यात कसं बसवू, अशी मी विचारात,
तोवर त्याने बुटावरचं रस्त्याचं मीठ
नखाने खरवडायला घेतलं.
आमच्याकडे मीठ माशाला लावतात, म्हणाला.
मग गप्प.

गप्प बसायचंही शिकवलं होतं.
कागदावर ते सात सेकंद असतं.
खोलीत हिटर टकटकतो
आणि जीभ शिवशिवते:
अरे, लवकर झोप, फोन लांब ठेव, घरी बोल की जरा.
माझ्या मावशीची सगळी वाक्यं
मी दाताखाली धरली.

तेव्हा तो बोलला.
नऊ दिवस झाले, मी आभाळ पाहिलेलं नाही.

इथे इमारतींच्या पोटातून बोगदे आहेत.
अटलांटिकच्या वाऱ्यापासून पोरं वाचावीत
म्हणून कुणीतरी बांधले, चांगल्या मनाने.
वसतिगृहातून वर्गात, वर्गातून खानावळीत,
तिथून परत खोलीत,
कोट खुंटीलाच.
मुंगीलासुद्धा कधीतरी वारुळाबाहेर डोकं काढावं लागतं.
आपल्याला नाही.

कागदावर रकाना होता: या आठवड्यात मी काय करीन.
त्याने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं:
रोज एकदा वरून जाईन.
एवढंच. दोनशे पावलं असतील.
वरिष्ठांना दाखवायचं तर
ध्येय अगदीच लिंबूटिंबू.

मंगळवारी गेला. बुधवारी नाही.
गुरुवारी गारा पडत होत्या, तरी गेलो, म्हणाला.
टोपी उडाली, कुंपणावर अडकली,
एक अनोळखी बाई पिशव्या खाली ठेवून
छत्रीच्या टोकाने ती काढत बसली,
मला “सोन्या” म्हणाली.
(इथे सगळ्यांनाच म्हणतात.)
सांगताना त्याचे कान लाल झाले,
आणि खोलीत थंडी नव्हती.

तिसऱ्या सोमवारी एक वाक्य त्याने अर्ध्यावर सोडलं:
धक्क्याच्या कडेला उभा राहिलो की
मी ते पुरं केलं नाही. सरळ विचारलं,
आडवळण न घेता, मरण हा शब्द वापरून.
हो, म्हणाला. कधीकधी.
माझे हात गार पडले.
मग आम्ही दोघं उठलो, जिना चढलो
तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या दारापर्यंत,
ज्यांना हे खरंच येतं.
तो आत होता तेवढा वेळ
मी बाकावर त्याची टोपी धरून बसले.
ओली लोकर. तिला डिझेलचा वास,
कुठल्यातरी बोटीचा.
निळी फीत मी काढून खिशात ठेवली होती,
कधी, ते आठवत नाही.

नंतर तो बाईंकडेच जायचा. माझ्याकडे यायचं कारण उरलं नाही.

फेब्रुवारीत बोगद्याच्या तोंडाशी भेटला.
अंगात कोट. माझ्या हातात शिळं सँडविच,
काखेत तीन पुस्तकं, डोळ्यांत दोन रात्री.
म्हणाला, डॉर्कस,
तू शेवटची वर कधी आलीस?

मी हिशोब करू लागले.
तो थांबला.
सात सेकंद, आठ, दहा;
त्याला कुणी मोजायला शिकवलं नव्हतं.
मग खांद्याने दार ढकललं
आणि पाठीने धरून ठेवलं.
वारा आत शिरला, माझे कागद भिंतीवर जाऊन चिकटले.
बाहेर सगळं पांढरं, गोंगाट करणारं.

मी कोट आणला नव्हता.