विषयाचा रकाना

बोढारे सर म्हणाले, संत्र्याच्या सालीवर नको,
तिघं आहेत आधीच.
चांदीचे कण तर आता मोज्यांतसुद्धा.
ग्राफीन घे. पेपर निघतील.

सिनॉप्सिस सोमवारी द्यायचा.
कूलरची टाकी भरायला लावून
मी रकान्यात लिहीत होते, खोडत होते.

कोराडीहून आईचा फोन.
आज राखेचा वारा घराकडं,
चादरी दोनदा धुतल्या.
"किती बारीक असते गं तुझं ते?"
केस उभा चिरायचा, म्हटलं, हजारदा;
त्यातली एक फाक.
ती जरा थांबली.
"मंग ते झटकल्यानं जाते का?"

माहीत नाही, म्हणाले,
आणि सरांसमोर जाते तशी
मान खाली गेली नाही.

टाकी केव्हाच भरलेली.
पाणी जिन्यावरून
खालच्या मजल्याकडं निघालं होतं.