निम्मं माध्यम

उत्तरायणाला सबंध बडोदं गच्चीवर असतं.
मी तळमजल्यावर,
सदतीस अंशांच्या कपाटासमोर,
काटा बघत.

हा काटा महिनोन्‌महिने हलत नाही.
सिलिंडरच्या पोटातलं शेवटचं द्रव संपलं
की एका सकाळीत उतरतो.
ती सकाळ नेमकी आजची.

मकरपुऱ्याला यासीनभाईंना फोन लावला.
मागे भोंगे, थाळ्या, काप्यो छे, काप्यो छे.
बेन, म्हणाले, आज तर देवसुद्धा डिलिव्हरी करत नाही,
आणि उद्या वाशी. परवा बघू.

परवापर्यंत माझे न्यूरॉन थांबायचे नाहीत.
चौदा दिवसांचे आहेत.
उंदरीच्या पोटात अठरा दिवस,
मग माझ्या हाताखाली चौदा.
तिचा नंबर वहीत आहे, तीनशे बारा.
वहीत नंबरच लिहायचा असतो.

त्यांना खायला घालायचा दिवसही आजच.
आई रोज विचारते, जेवल्या का तुझ्या पेशी?
आणि मग, जरा थांबून, तू?

माध्यम कधी पूर्ण बदलायचं नाही.
पहिल्या वर्षी मी बदललं होतं,
सगळं नवं, स्वच्छ, गुलाबी,
आणि दुसऱ्या दिवशी ताटलीत नुसती पूड.
दिघे मॅडम रागावल्या नाहीत.
जुन्यात त्यांनी एकमेकांसाठी काहीबाही सोडलेलं असतं, म्हणाल्या,
काय ते आपल्यालाही नीट ठाऊक नाही.
निम्मं राहू दे.

माध्यम.
शाळेच्या फॉर्मवर हाच शब्द होता, पुढे रिकामी रेघ.
सातवीपर्यंत मराठी.
मग वर्गात आम्ही नऊच उरलो
आणि आठवीला रेघेवर गुजराती आली.
पुण्याची मावसबहीण अजून हसते,
"डबा इथं मूक" असं कोण म्हणतं गं?
मी म्हणते.

पिपेटचं टोक भिंतीला टेकवते.
दोनशे पन्नास मायक्रोलिटर बाहेर,
दोनशे पन्नास आत, इतकं हळू
की खांदा दुखतो.
चौथ्या दिवशी एकेकाचं टोक
पंजा उघडून चाचपडत होतं काचेवर.
आता कुणाची दोरी कुणात गेलीय
सांगता येत नाही.

काटा वीसवर.

जिगीषा आली फतेगंजच्या गच्चीवरून,
नाक भाजलेलं, बोटांना चिकटपट्ट्या,
मुठीत बायोकेमिस्ट्रीची किल्ली.
कुणाची, कशी, विचारलं नाही.
खुमाणसिंह वॉचमन, ती आणि मी,
तिघांनी तो सिलिंडर तिरका धरून
कडेवर फिरवत आणला आवारातून,
लग्नात एखाद्या लठ्ठ काकाला नाचवावं तसा.
वर आभाळभर पतंग.
एकदाही मान वर केली नाही,
पायावर पडला असता.

पाना. वॉशर. साबणाचा फेस लावून बघितलं, बुडबुडा नाही.
काटा चढला.
खुमाणसिंह म्हणाला, आत आहे तरी काय एवढं?
जिगीषानं माझ्याकडे पाहिलं.
एक प्रथिन आहे, मी म्हणाले,
ते फांदीवरच्या काट्याच्या टोकापर्यंत जातं
की वाटेतच थांबतं, ते बघतोय.
मग?
पाच वर्षं बघतोय.
तो म्हणाला, अच्छा,
आणि विडी पेटवायला सिलिंडरपासून
फार लांब गेला. उगीचच,
हा वायू पेटत नाही.

दुसरा परीक्षक लिहितो, प्रयोग आणखी एकदा करावा.
एकदा म्हणजे आणखी एक नंबर.
तीनशे तेरा, बहुतेक.

जिन्यावर बसून उंधियू खाल्लं, जिगीषाच्या घरचं.
हातांना स्पिरिटचा वास,
त्यामुळे कंदही स्पिरिटचे.
डबा मधल्या पायरीवर मूकला.

वहीत लिहिलं:
दिवस चौदा. निम्मं माध्यम बदललं.
सिलिंडर उसना, सोमवारी परत करणे.
आणि खाली, का कोण जाणे,
एक्झॉस्टच्या नळीत अडकलेला पतंग, हिरवा, शेपूट नाही.